लग्न मोडलं, रद्द झालं, की नव्हतंच?

प्रश्न : मी इस्लामपूरला एका वकीलसाहेबांकडे इंग्रजी कागद मराठीत उतरवण्याचं काम करते. मराठीत एम.ए. केलंय, कायदा शिकलेली नाही. परवा एका कागदात लग्नाच्या संदर्भात ‘अनल’ (annul) हे क्रियापद आलं. मी ‘घटस्फोट देणे’ असं लिहिलं. साहेबांनी लाल शाईने खोडून ‘रद्द करणे’ केलं. तोच कागद समोरच्या वकिलांकडे गेला, तर त्यांनी ‘रद्द’ खोडून ‘शून्य असल्याचे घोषित करणे’ केलं. दोघंही जुने, नावाजलेले. मी कुणाचं ऐकू? आणि उच्चार काय करायचा? ऑफिसात एकजण ‘ॲन्युअल’ म्हणतात.
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : बाळ, मी ३१ वर्षं कोर्टात भाषांतरकार होते. तुझ्या कागदावर झाल्या तशा लाल रेघा माझ्या कागदांवर इतक्या झाल्यात की निवृत्तीनंतर मी घरात लाल पेन ठेवलेलं नाही.

आधी उच्चार. ‘अनल’, जोर दुसऱ्या अक्षरावर. ‘ॲन्युअल’ म्हणजे वार्षिक. एकदा टंकलेखकाच्या एका जादा अक्षरामुळे माझ्या टेबलावर असा कागद आला होता की त्याचं सरळ भाषांतर ‘उभयतांचा विवाह वार्षिक करण्यात यावा’ असं झालं असतं. मी चिठ्ठी लावून परत पाठवला. शिरस्तेदार म्हणाले, “राहू द्या की बाई, दर वर्षी नूतनीकरण. निम्मे दावे कमी होतील.”

आता गंमत बघ. आपल्याकडे ‘अनल’ म्हणजे अग्नी. ज्याच्या साक्षीने सात पावलं चालायची, तो. इंग्रजीतला ‘अनल’ लॅटिनमधून आला, ‘काहीच नाही’ अशा अर्थाच्या शब्दापासून. म्हणजे एकाच उच्चाराचा एक शब्द लग्न लावतो आणि दुसरा ते लागलंच नव्हतं म्हणतो. उच्चार दाखवायला मराठीत ‘अनल’ लिहिणं ठीक आहे, पण अर्जात असा उसना शब्द वापरू नकोस, पक्षकाराला काहीही कळणार नाही.

तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर एका ओळीत द्यायचं तर: तुझं चुकलं, दोघा वकिलांपैकी कोण बरोबर ते कागदातला कलमाचा आकडा बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. आता विस्ताराने.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यातली ११, १२ आणि १३ ही तीन कलमं एकामागोमाग वाच, आणि फक्त क्रियापदांकडे लक्ष दे. ११ म्हणतं, अमुक लग्नं शून्य आहेत आणि न्यायालय तसं घोषित करू शकेल. १२ म्हणतं, अमुक लग्नं शून्यकरणीय (मागणी केली तर पुसता येणारी) आहेत आणि न्यायालय ती ‘अनल’ करू शकेल. १३ म्हणतं, अमुक कारणासाठी लग्नाचा घटस्फोटाने विच्छेद करता येईल. तीन कलमं, तीन क्रियापदं. मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं: ११ सांगणं, १२ पुसणं, १३ तोडणं. निवृत्त होईपर्यंत त्या तीन शब्दांनी मला सांभाळलं.

दुसऱ्या वर्षी लिहिलं, कारण पहिल्या वर्षी मी अगदी तुझीच चूक केली होती. कलम १२ च्या एका निकालाच्या नकलेत मी ‘घटस्फोट मंजूर’ असं लिहिलं. वरिष्ठांनी बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, “बाई, तुम्ही न जन्मलेल्याचा मृत्यूदाखला काढलात.”

घटस्फोटात लग्न झालेलं असतं, चाललेलं असतं, आणि हुकूमनाम्याच्या दिवसापासून पुढे ते संपतं. मागची वर्षं कुणी नाकारत नाही. ‘अनल’मध्ये न्यायालय मागे जातं आणि मांडवाच्या दिवसापासूनच पुसत येतं. रेल्वेचं तिकीट रद्द करतो ते गाडीत बसायच्या आधी. इथे प्रवास झालाय, चहा प्यायलाय, खिडकीतून दोन स्टेशनं बघितलीत, आणि मग तिकीट रद्द होऊन सांगितलं जातं की तुम्ही गाडीत चढलाच नव्हता.

यावर मी कोर्टाच्या व्हरांड्यात ऐकलेलं एक वाक्य अजून विसरलेले नाही. पंचविशीतली एक मुलगी, कलम १२ चा हुकूमनामा झालेला, आईबरोबर नकलेसाठी उभी होती. तिने कारकुनाला विचारलं, “म्हणजे मी आता सुटले ना?” तो जाणकार माणूस, अचूक बोलायची सवय. म्हणाला, “सुटला नाहीत ताई, तुम्ही अडकलाच नव्हता.” ती त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मग सात महिने चूल कुणाच्या घरची फुंकली?”

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, आणि मी तर शब्दांचाच पगार घेत होते.

आता ११ आणि १२ मधला फरक, कारण तुझ्या दोन वकिलांचं भांडण तिथे आहे.

कलम ११ मधलं लग्न जन्मतःच शून्य असतं. कारणं तीनच: लग्नाच्या वेळी पहिला नवरा किंवा पहिली बायको हयात असणं (आणि ते लग्न टिकून असणं), दोघं निषिद्ध नात्यात असणं, किंवा सपिंड, म्हणजे कायद्याने मोजून दिलेल्या पिढ्यांच्या आत रक्ताने जोडलेले असणं. इथे न्यायालय काही करत नाही, फक्त असलेलं सांगतं. कुणी कोर्टात गेलं नाही तरी ते लग्न शून्यच. म्हणून इथे ‘रद्द करणे’ चूक. जे नाहीच ते रद्द कसं करणार? ‘विवाह शून्य असल्याचे घोषित करावे’ हेच बरोबर.

इथे आपल्याकडच्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण यावर मला दर अंकाला पत्रं येतात. मामाच्या मुलीशी लग्न कायद्याने निषिद्ध नात्यात येतं, कारण भाऊबहिणींची मुलं त्या यादीत आहेत. पण त्याच कलमात रूढीचा अपवाद आहे. ज्या समाजात मामाची मुलगी करण्याची जुनी, चालत आलेली रूढी आहे, तिथे ते लग्न वैध. महाराष्ट्रात अशा जाती कितीतरी. आणि सगोत्र लग्न शून्य असतं हा समज तर पार चुकीचा. सगोत्राचा अडसर १९४६ च्या केंद्रीय कायद्यानेच काढून टाकला. गोत्र जुळलं म्हणून आजी रुसेल, कायदा रुसणार नाही.

कलम १२ मधलं लग्न वेगळं. ते वैध असतं, जोपर्यंत दोघांपैकी ज्याला तो हक्क आहे तो न्यायालयात जाऊन ते पुसून मागत नाही तोपर्यंत. नाही गेला, तर ते आयुष्यभर वैध. शेजाऱ्याने, सासऱ्याने, भाऊबंदाने जाऊन चालत नाही. कारणं थोडक्यात: जाबदाराच्या (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याच्या) नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध न होणं, लग्नाच्या वेळी मनोविकारामुळे वैध संमती देता न येणं किंवा कायद्यात सांगितलेली तशीच स्थिती, जबरदस्तीने किंवा फसवून घेतलेली संमती, आणि वधू लग्नाच्या वेळी दुसऱ्या कुणापासून गरोदर असणं. फसवणुकीच्या कलमाला १९७६ च्या दुरुस्तीने धार आली. आधी विधीच्या स्वरूपाबद्दल फसवलं का, यावर वाद अडकायचा. दुरुस्तीनंतर जाबदाराविषयीची ‘महत्त्वाची वस्तुस्थिती’ लपवली तरी चालतं, म्हणजे चालत नाही.

या कलमात क्रियापद खरंच ‘अनल’ आहे, म्हणून ‘रद्द करणे’ किंवा ‘रद्द ठरवणे’. मला स्वतःला ‘विवाह रद्द ठरवणे’ आवडतं. ‘लग्न रद्द करणे’ नको. २०२० साली टाळेबंदीत गावोगाव ‘लग्न रद्द’ झाली, म्हणजे हॉल आणि केटरर रद्द झाले. मराठीत ‘लग्न’ हा समारंभही असतो आणि नातंही. ‘विवाह’ लिहिलं की निदान मंगल कार्यालयाचा ॲडव्हान्स डोळ्यासमोर येत नाही.

तसंच ‘मोडणे’ टाळ. आपल्याकडे ‘तिचं लग्न मोडलं’ म्हणजे बहुतेकदा ठरलेलं मोडलं, अक्षता पडायच्या आधी. आणि ‘ठरवणे’ची तऱ्हा बघ: आधी मामा लग्न ठरवतो, मग न्यायाधीश ते शून्य ठरवतो. क्रियापद एकच. कलम १३ ला काहीजण ‘विघटित’ लिहितात, ते चालतं, पण ‘विवाहविच्छेद’ जास्त स्वच्छ. एका शिकाऊ मुलाने शब्दकोश बघून ‘विवाह विरघळवण्यात येत आहे’ असंही लिहिलं होतं. मिठासारखा.

राहिला वयाचा प्रश्न. मुलगी १८ च्या किंवा मुलगा २१ च्या आतला असेल तर लग्न आपोआप शून्य, असं अनेकांना वाटतं. हिंदू विवाह कायद्यात तसं नाही. त्यासाठी २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा बघावा लागतो, आणि त्यातही ते लग्न साधारणपणे शून्यकरणीय आहे: जो लग्नाच्या वेळी अल्पवयीन होता त्यालाच ते रद्द करून मागता येतं, सज्ञान झाल्यापासून दोन वर्षं पूर्ण होण्याच्या आत. पळवून नेऊन, फसवून किंवा विकून लावलेलं असेल तर मात्र ते शून्यच. म्हणजे एकाच कायद्यात दोन्ही शब्द. इथे भाषांतरकाराने डुलकी घेतली की संपलं.

एक चौथी जातही आहे, ती हल्ली जास्त दिसते. विधीच झाला नाही, फक्त फोटो आणि प्रमाणपत्र. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की हिंदू लग्नाला कलम ७ प्रमाणे विधी हवेत, नुसत्या नोंदणीने लग्न होत नाही. तिथे शून्यही नाही आणि रद्दही नाही. तिथे ‘विवाह झालाच नाही’ असंच लिहायचं.

म्हणजे तुझ्या कागदात कलम ११ असेल तर समोरचे वकील बरोबर, १२ असेल तर तुझे साहेब. आणि इंग्रजी मसुदा करणारेच ११ च्या अर्जात सैलपणे ‘अनल’ लिहून टाकतात, ते मी शेकड्यांनी पाहिलंय. अशा वेळी शब्दाचं भाषांतर करू नकोस, कलमाचं कर, आणि साहेबांना समासात विचार. लाल शाई ओढण्याआधी विचारलेलं बरं असतं.

आता सगळ्यात मजेचा तुकडा, जो मला नोकरीच्या उत्तरार्धात सापडला. कलम १६ मुलांबद्दल आहे. लग्न पुसलं तर त्यातून झालेल्या मुलांचं काय? कायदा म्हणतो: हुकूमनाम्याच्या दिवशी ते लग्न ‘अनल’ न होता त्याचा विच्छेद झाला असता, तर जे मूल औरस ठरलं असतं, ते औरसच मानावं. म्हणजे कायद्याने स्वतःच दोन क्रियापदं शेजारी ठेवून दाखवली, आणि मुलांपुरतं पुसणं मागे घेऊन तोडणं धरलं. शून्य विवाहातल्या मुलांनाही हेच कलम औरस मानतं. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने पुढे असंही सांगितलं की अशा मुलांना आईवडिलांच्या वाट्याला एकत्र कुटुंबात जे येईल त्यातही हिस्सा आहे.

मुलांचं असं झालं, मग बायकांचं? १९८८ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की शून्य विवाहातली स्त्री पोटगीच्या फौजदारी कलमापुरती ‘पत्नी’ नाही. शब्दाचा अर्थ तर्काने शेवटपर्यंत नेला की असं होतं. पुढे सुमारे दोन दशकांपूर्वी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने एका निकालात अशा बाईसाठी जे इंग्रजी शब्द वापरले त्यांचं मराठी ‘अनौरस पत्नी’ आणि ‘एकनिष्ठ ठेवलेली बाई’ असं काहीतरी होईल. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने त्या शब्दांवर कडक ताशेरे ओढले, आणि विवाह शून्य ठरला तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमची पोटगी मागता येते, असं ठरवलं. द्यायची की नाही हे त्या त्या प्रकरणाच्या परिस्थितीवर. व्हरांड्यातल्या त्या मुलीच्या प्रश्नाच्या जवळ जाणारं काही मी कायद्यात वाचलं असेल तर ते हे.

तुला दोन नमुना वाक्यं देते, वहीत लिहून ठेव. “अर्जदार व जाबदार यांचा विवाह हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ११ अन्वये शून्य असल्याचे घोषित करण्यात येते.” आणि, “अर्जदार व जाबदार यांचा विवाह कलम १२ अन्वये विवाहशून्यतेच्या हुकूमनाम्याद्वारे रद्द ठरविण्यात येतो.” दुसऱ्या वाक्यातही ‘शून्य’ आलाय बघ. हुकूमनाम्याचं नाव दोन्हीकडे एकच आहे, त्यामुळेच सगळा गोंधळ.

प्रश्न : माझ्या मुलीचं लग्न झालं, आणि दोन महिन्यांत कळलं की मुलाने आधीचं लग्न आणि घटस्फोट दोन्ही लपवलं होतं. ती त्याच दिवशी घरी आली. आठ महिन्यांनी अर्ज केला आणि कोर्टाने विवाह रद्द ठरवला. आता वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर ‘अविवाहित’, ‘घटस्फोटित’, ‘विधवा’ असे तीनच चौकोन आहेत. काय भरू? नणंद म्हणते, वर्षाच्या आत असलं तरच रद्द म्हणतात, नाहीतर घटस्फोटच.
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, नणंदेने दोन वेगवेगळी वर्षं एका टोपलीत घातलीत. लग्नानंतर एक वर्ष होईपर्यंत घटस्फोटाचा अर्ज सहसा करता येत नाही, हे एक वर्ष. फसवणूक उघड झाल्यापासून एक वर्षाच्या आत रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो, हे दुसरं. शिवाय कळल्यानंतर स्वखुशीने एकत्र राहिलं तर तो हक्क जातो. तुमची मुलगी त्याच दिवशी निघाली, हे तिने फार शहाणपणाचं केलं.

‘घटस्फोटित’ भरू नका, ते खोटं होईल. घटस्फोट झालेलाच नाही. कायद्याच्या हिशेबाने ती अविवाहित, तोच चौकोन भरा. पण शेजारी मोकळ्या जागेत पेनने लिहा: ‘पूर्वीचा विवाह न्यायालयाने रद्द ठरवला आहे.’ मंडळाच्या बाई कुरकुरतील, कुरकुरू द्या. तुमच्या मुलीला जे लपवल्यामुळे कोर्टात जावं लागलं, तसलं काही आपल्याकडून लपून राहिलं तर उद्या दुसरा कुणी तेच कलम १२ काढून बसेल. हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल दोन प्रतींत काढून ठेवा. पासपोर्टला लागेल, बँकेत लागेल, आणि पहिल्या स्थळाच्या काकांनाही दाखवावी लागेल.

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथलिक. माझ्या भावाचं लग्न चर्चच्या ट्रायब्युनलने अनल केलं. तो आता दुसरं लग्न करू शकतो ना?
— एक वाचक, वसई

उत्तर : चर्चमध्ये कदाचित. देशाच्या कायद्याने नाही, अजून नाही.

तुमच्या पत्रातलं क्रियापदही थोडं सुधारते, राग मानू नका. चर्च ‘अनल’ करत नाही, निदान स्वतःच्या भाषेत तरी नाही. चर्चच्या दृष्टीने खरं लग्न तोडता येत नाही, म्हणून ट्रायब्युनल एवढंच जाहीर करतं की पहिल्या दिवशीच संमतीत काही खोट होती आणि हे लग्न मुळात बांधलंच गेलं नाही. माझ्या वहीतलं ‘सांगणं’, ‘पुसणं’ नव्हे. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ही पद्धत सोपी केली. आधी अनुकूल निकालावर दुसऱ्या ट्रायब्युनलचं शिक्कामोर्तब लागायचं, ते सक्तीचं राहिलं नाही.

पण १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की चर्चच्या ट्रायब्युनलच्या निर्णयाने दिवाणी कायद्यातलं लग्न संपत नाही. त्यासाठी १८६९ च्या कायद्याची कलमं १८ आणि १९ घेऊन न्यायालयात जावं लागतं. त्या कायद्याचं नावच ‘घटस्फोट कायदा’ आहे आणि त्याच्या पोटात विवाहशून्यताही आहे, तेव्हा लोकांचा गोंधळ होतो त्यात लोकांचा काय दोष? पूर्वी जिल्हा न्यायालयाच्या अशा हुकूमनाम्याला उच्च न्यायालयाची मंजुरी लागायची, २००१ च्या दुरुस्तीने ती कटकट गेली. भावाला सांगा, आधी तो हुकूमनामा, मग मुलगी बघायला जा. नाहीतर पहिलं लग्न टिकून असताना दुसरं करण्याच्या गुन्ह्याचं, भारतीय न्याय संहितेचं कलम ८२, म्हणजे जुनं ४९४, वाट बघत बसलेलं आहे.

गोव्याच्या वाचकांनी हे उत्तर स्वतःला लावून घेऊ नये. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा कौटुंबिक कायदा चालतो.

प्रश्न : एका व्याख्यानात ऐकलं की रखमाबाईंचा विवाह राणी व्हिक्टोरियाने रद्द केला. हे बरोबर का?
— एक वाचक, दादर

उत्तर : ऐकायला छान आहे, पण नाही.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. १८८४ साली नवऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला तो बायको नांदायला यावी म्हणून. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, अपिलात प्रकरण परत आलं, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद, असा हुकूम दिला. रखमाबाई कैदेला तयार झाल्या. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. त्यानंतर त्या विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या.

या सगळ्यात लग्न शून्य ठरलं नाही, रद्द झालं नाही, विच्छेदही झाला नाही. त्या वेळच्या हिंदू कायद्यात बालवधूला अशी दारंच नव्हती. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा १९४७ ला मिळाला. द्विभार्या बंदीचा त्याच्या आदल्या वर्षी. आणि संमती नसलेलं लग्न रद्द करून मागण्याचं कलम १२ जवळपास देशभर आलं १८ मे १९५५ ला. रखमाबाई तेव्हा हयात होत्या, नव्वदी ओलांडलेल्या. त्या गेल्या त्याच वर्षीच्या सप्टेंबरात.

व्याख्यात्यांना हे कळवा, पण चहाच्या वेळी कळवा, प्रश्नोत्तरांत उभं राहून नको.

प्रश्न : आपण मागच्या अंकात ‘रद्दबातल’ हा शब्द वापरलात. हा परका शब्द आहे. आपल्यासारख्या जाणकार बाईंनी शुद्ध मराठी शब्द वापरावेत.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : आपलं म्हणणं खरं आहे, परका आहे, आणि एकदा नव्हे दोनदा. ‘रद्द’ अरबी, ‘बातल’ही अरबी. मुस्लिम कायद्यात शून्य विवाहाला आजही ‘बातिल’ म्हणतात, आणि ज्यातला दोष दूर होऊ शकतो त्याला ‘फासिद’. म्हणजे असा भेद त्यांच्याकडे नावानिशी आधीपासून आहे. आपण ‘रद्द’ आणि ‘बातल’ जोडून एकाच अर्थाचे केले, मराठी माणूस एका कुलपावर थांबत नाही.

काढून टाकायला माझी हरकत नाही. पण मग ‘अर्ज’ जाईल, ‘दावा’ जाईल, ‘वकील’ जातील, ‘हुकूमनामा’ जाईल. आणि सगळ्यात शेवटी ‘तारीख’ काढलीत तर कोर्टातले समस्त पक्षकार आपल्याला दुवा देतील. तोही शब्द अरबीच.